कपारीतली पहिली अंडी: मॉरिशसच्या केस्ट्रेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

१९७४ साली मॉरिशसच्या रानात केस्ट्रेल हा छोटा ससाणा किती उरला होता? माहितीतले पक्षी चार. त्यांतली अंडी घालणारी मादी एक. हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही, त्यामुळे बेटावरचा आकडा तोच जगाचा आकडा.

आपल्याकडे हिवाळ्यात माळावर एक केस्ट्रेल येतो. हवेत एका जागी पंख फडफडवत उभा राहतो आणि गवतातला टोळ किंवा उंदीर हेरून खाली झेपावतो. मॉरिशसचा त्याचा भाऊबंद वेगळ्या चालीचा. पंख आखूड आणि गोलसर, झाडांच्या गर्दीतून वळणं घेत जायला सोयीचे. त्याचं मुख्य खाद्य म्हणजे झाडांच्या खोडांवर फिरणाऱ्या हिरव्या पाली. थोडक्यात, रान सोडून त्याचं भागत नाही, आणि मॉरिशसमध्ये रानच उरलं नव्हतं. डच आले, फ्रेंच आले, इंग्रज आले. सखल भागातलं जंगल तोडून ऊस लावला गेला. त्या उसासाठी १८३४ पासून गिरमिटिया मजूर नेले गेले, त्यांत कोकणातले मराठीही होते. आज तिथे चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहून कमी आहे, तेही बहुतेक नैर्ऋत्येकडच्या ब्लॅक रिव्हरच्या दऱ्याखोऱ्यांत. उसाच्या उपयोगाचे नव्हते म्हणून ते कडे वाचले.

माणसाबरोबर प्राणीही आले. उंदीर, मांजरं, आग्नेय आशियातली माकडं. १९०० साली उंदीर आटोक्यात आणायला म्हणून भारतातून मुंगूस नेलं. त्याने उंदरांचं काय केलं ते केलं, जमिनीवर उतरणाऱ्या पिल्लांचं मात्र वाटोळं केलं. भरीला लोकांचा राग. या पक्ष्याचं फ्रेंच वळणाचं तिथलं नाव ‘मांझर द पूल’, म्हणजे कोंबडीखाऊ. (मराठी कानाला त्यात मांजर ऐकू येतं.) पाली खाऊन जगणाऱ्या या पक्ष्याने कोंबड्यांचं फारसं काही बिघडवलं नसावं, पण नाव पडलं की बंदूक निघते.

शेवटचा घाव डीडीटी या कीटकनाशकाचा मानला जातो. हिवताप घालवायला आणि शेतीत १९४८ ते १९७३ या काळात ते बेटावर वापरलं गेलं. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं त्याने पातळ होतात, हे तोवर इतर देशांत ध्यानात आलं होतं.

हा पक्षी वाचवण्याच्या कामात कड्यांवर चढलेली, त्याला खायला पांढरे उंदीर पाळलेली, रात्र-रात्र इन्क्युबेटरपाशी, म्हणजे अंडी उबवायच्या यंत्रापाशी, बसलेली बरीच माणसं होती. त्यांची नावं इथे नाहीत, भूमिका आहेत. ज्यांचं काम जाहीर नोंदीत आहे अशी मोजकीच नावं ठेवली आहेत.

अडचण

पक्षी कमी आहेत, ही अडचण सगळ्यांना दिसत होती. खरा पेच पुढचा होता: इतके कमी पक्षी असताना त्यांना हात लावायचा की नाही?

हात लावून एकदा पाहिलं होतं. १९७३ मध्ये काही पक्षी पकडून बंदिस्त प्रजननाचा पहिला प्रयत्न झाला. त्यातून एकच पिल्लू हाती आलं आणि इन्क्युबेटर बिघडला तेव्हा तेही गेलं. डझनभरही न उरलेल्या जातीतला एक पक्षी पकडणं म्हणजे रानातली एक जोडी मोडणं. पिंजऱ्यात ती जमली नाही, तर दोन्हीकडून नुकसान.

त्याच सुमाराला रानात मात्र एक गंमत घडली. केस्ट्रेल एरवी झाडाच्या ढोलीतही घरटं करायचा आणि ढोलीपर्यंत माकड सहज पोचतं. १९७४ च्या हंगामात एका जोडीने कड्यातल्या उभ्या कपारीत अंडी घातली. तिथे माकडाचा हात पोचला नाही आणि तीन पिल्लं उडाली. कपारीत वाढलेली पिल्लं पुढे कपारीच शोधू लागली. हे टिपलं स्टॅनली टेंपल या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने, तेही निव्वळ बघत बसून. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची नोंद ती. पकडण्यावर एवढा खटाटोप झाला आणि हाती काही लागलं नाही. बघण्यातून निदान एवढं कळलं की घरट्याची जागा नीट असेल, तर हे पक्षी अजूनही पिल्लं वाढवू शकतात. त्यांच्यात दोष नव्हता, त्यांच्या ढोल्यांत होता.

तरीही सत्तरचं दशक संपेतो संख्या म्हणावी तशी वाढली नाही. १९७९ मध्ये वेल्समधला पंचविशीच्या आतबाहेरचा कार्ल जोन्स मॉरिशसला आला. त्याला पाठवणाऱ्या आंतरराष्ट्रीय पक्षी संस्थेची सूचना अशी होती की प्रकल्पाचा गाशा गुंडाळायचा आणि जे काही आहे ते सरकारच्या हवाली करायचं. लहानपणी घराच्या परसात जखमी ससाणे आणि घुबडं पाळलेला हा मुलगा. त्याच्यापाशी पैसे नव्हते, पण शिकारी पक्षी काय खातो, कधी बिथरतो आणि कधी माणसाळतो हे अंगात मुरलेलं होतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, सोडून द्या. आज हे ऐकायला क्रूर वाटतं, पण तेव्हा ते शहाण्या माणसांचं मत होतं. नॉर्मन मायर्स या पर्यावरण अभ्यासकाने १९७९ मध्येच या पक्ष्याचं नाव घेऊन लिहिलं होतं की याचं मरण जवळपास ठरलेलं आहे, त्याच्यावरचा पैसा जगण्याची जास्त आशा असलेल्या शेकडो जातींना द्यावा. या हिशेबात खोट काढणं सोपं नाही. पैसा खरोखरच तुटपुंजा होता. चुकलं एवढंच की ‘आशा नाही’ हे गृहीत धरलं गेलं, आणि कपारीतली ती तीन पिल्लं हिशेबात धरली गेली नाहीत.

दुसरा पर्याय, रान राखा आणि पक्ष्यांना त्यांच्या नशिबावर सोडा. पक्षीनिरीक्षकांना हा मनापासून आवडतो, मलाही आवडतो. पण रान राखून संख्या वाढायला दशकं लागतात, आणि मॉरिशस चक्रीवादळांच्या वाटेवर आहे. एका वादळात एक कडा ढासळला तर जगातले दहा-वीस टक्के केस्ट्रेल त्याखाली, अशी परिस्थिती. इतक्या थोड्या पक्ष्यांत नुसता योगायोगही जीवघेणा ठरतो. एका वर्षी सगळी पिल्लं नरच निघाली तरी खेळ संपला.

तिसरा, सगळे पकडून पिंजऱ्यात आणा. अमेरिकेत कॅलिफोर्निया काँडॉरच्या बाबतीत १९८७ साली हेच केलं गेलं, शेवटचा मुक्त पक्षीसुद्धा पकडला, आणि तिथे ते फळलं. मॉरिशसमध्ये १९७३ चा अनुभव ताजा होता. शिवाय कपारीत घरटं करायची जी सवय या पक्ष्यांना नुकतीच लागली होती, ती पिंजऱ्यात कोण शिकवणार?

चौथा पर्याय, मोठे पक्षी जागेवर ठेवा आणि फक्त अंडी उचला. वरवर हा सगळ्यांत भीतिदायक. चार-पाच जोड्यांच्या घरट्यांत हात घालून त्यांचा वर्षभराचा वंश काढून न्यायचा! पण ससाण्यांची एक खोड शिकारी पक्षी पाळणाऱ्यांना जुनी माहीत आहे. पहिली अंडी लवकर गेली तर मादी साधारण दोन आठवड्यांत पुन्हा घालते. म्हणजे पहिला घाणा माणसाने न्यायचा, दुसरा तिने उबवायचा. रानातल्या खात्यातून उचललेलं ती स्वतःच भरून काढते.

जोन्सने चौथा धरला. त्याला पाठबळ मिळालं ते प्राण्यांवर लिहिणारे इंग्रज लेखक जेराल्ड डरेल यांच्या जर्सी बेटावरच्या वन्यजीव संस्थेचं, आणि नंतर अमेरिकेत पेरेग्रीन ससाणा वाचवलेल्या लोकांचं. अंडी उबवण्याचं तंत्र त्यांच्याकडे पक्कं होतं.

निर्णयाचा क्षण: अंडं नेमकं कधी उचलायचं

या प्रकरणात थांबून बघावी अशी जागा ही आहे. सांगताना ‘अंडी उचलली’ हे दोन शब्दांत संपतं, करताना मात्र सगळं दिवसांच्या हिशेबावर येतं.

उशीर केला तर मादी पुन्हा अंडी घालायची नाही, तिचा हंगाम निघून जातो. फार घाई केली, अगदी ताजं अंडं आणलं, तर तेही नडतं. पहिले काही दिवस आईच्या पोटाखाली गेलेली अंडी यंत्रात जास्त चांगली फुटतात, हा ससाणे वाढवणाऱ्यांचा सगळीकडचा अनुभव. पण आईखाली ठेवलेला प्रत्येक दिवस म्हणजे उंदराला दिलेली एक रात्र. म्हणून अंडं कोणत्या दिवशी पडलं, हे कळायला हवं, आणि कपारीत डोकावून ते कळून घेता येत नाही; मादी बिथरली तर घरटं टाकते.

मग उरतं ते बघणं. कड्यासमोर दुर्बीण लावून तासन् तास. नर पाल घेऊन येतो, हाक देतो, मादी बाहेर येऊन ती घेते. हळूहळू ती स्वतः शिकारीला जायची थांबते. नराकडून घास घेऊन ती लगेच कपारीत परतू लागली आणि आतच रमू लागली की अंडी पडताहेत हे धरून चालायचं. तिथून दिवस मोजायचे. तिथला विणीचा हंगाम सप्टेंबरपासून पुढे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. ब्लॅक रिव्हर भागातल्या मराठी घरांत गणपती बसतात त्याच दिवसांच्या आसपास वरच्या कड्यांवर केस्ट्रेलांची लगबग सुरू होते.

मग दोर लावून कडा उतरायचा, अंडी ऊबदार डब्यात घालायची आणि न हिंदकळता केंद्रावर आणायची. तिथे रोज वजन. उबताना अंड्यातलं पाणी उडतं, आणि फुटेपर्यंत त्याचं वजन सुमारे १५ टक्के घटावं लागतं. घट कमी पडली तर इन्क्युबेटरमधली हवा कोरडी करायची, जास्त झाली तर दमट. १९७३ च्या त्या एका पिल्लाचा धडा इथे उपयोगी पडला असणार. यंत्र बंद पडू शकतं, हे गृहीत धरूनच काम करायचं.

प्रत्यक्ष काय केलं

अंडी उचलणं हा कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा रानातल्या जोड्यांसाठी होता, कारण मादीला दुसऱ्यांदा अंडी घालायला लावायचं तर तिच्या अंगात तेवढी ताकद हवी. त्यासाठी पांढरे उंदीर. जोन्सने रानातल्या पक्ष्यांना उंदीर देऊन इतकं सरावाचं केलं की माणूस दिसला की ते जवळ येत आणि हवेत उडवलेला उंदीर वरच्या वर टिपत. वन्य पक्ष्याला असं माणसाळवणं बऱ्याच जणांना खटकलं, आणि खटकणं समजण्यासारखं आहे. पण त्या उंदराचा दुहेरी फायदा होता. पक्षी धष्टपुष्ट राहत, आणि कोण जिवंत आहे, कुणाची जोडी कुणाशी, नर उंदीर घेऊन कोणत्या कपारीकडे जातो, हे आपोआप कळे. पाहणी आणि खाऊ घालणं एकाच फेरीत.

यंत्रात फुटलेली पिल्लं हाताने वाढवली. काही केंद्रातच ठेवून त्यांच्या जोड्या लावल्या, बाकीची रानात परतली. परतीचे रस्ते दोन. ज्या रानातल्या जोडीकडे जागा असेल तिच्या कपारीत पिल्लू ठेवून द्यायचं. पक्ष्यांना मोजता येत नाही, ते त्यालाही भरवतात. किंवा उडण्याच्या बेतात आलेली पिल्लं उंचावर लाकडी पेटीत ठेवायची, काही दिवसांनी दार उघडायचं आणि ती स्वतः शिकार करू लागेपर्यंत तिथेच रोज खाणं ठेवायचं. ही दुसरी रीत बाज-ससाणे पाळणाऱ्यांची, शेकडो वर्षं जुनी. सोडण्याच्या जागेभोवती मुंगूस आणि मांजरं पकडायला सापळे लावले, कारण नवशिकं पिल्लू पहिले काही दिवस जमिनीवर फार बसतं.

१९८४ पासून पक्षी सोडणं सुरू झालं. १९८७ पासून पूर्वेच्या बांबू डोंगरांतही सोडले. तिथून केस्ट्रेल केव्हाच नाहीसा झाला होता. पूर्वेला सोडण्याचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. एकाच दरीत सगळा वंश ठेवला असता तर एक वादळ पुरेसं होतं. तिथे मूळ जंगल कमी, बाहेरून आलेली झाडंच जास्त, तरी पक्षी रुळले. ‘शुद्ध’ रानाशिवाय हा पक्षी जगणार नाही ही समजूत तिथे मोडली.

निष्पत्ती

१९९३-९४ च्या हंगामाअखेर दहा वर्षांत एकूण ३३१ केस्ट्रेल सोडले गेले होते. त्यांतले सुमारे एक तृतीयांश पिंजऱ्यातल्या जोड्यांचे, बाकीचे रानातून उचललेल्या अंड्यांतले. म्हणजे ‘बंदिस्त प्रजननाने वाचलेला पक्षी’ असं याचं वर्णन सर्रास होतं ते पुरतं खरं नाही. मोठा वाटा कपारीतून काढलेल्या अंड्यांचा होता. हंगामानंतर रानात २२२ ते २८६ पक्षी असावेत असा अंदाज आला. सोडणं थांबवलं. त्याच वर्षी ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. कार्ल जोन्स गाशा गुंडाळायला आला होता. तो तिथेच राहिला, पुढे गुलाबी कबूतर आणि एको पोपट या बेटावरच्या दुसऱ्या दोन जातींसाठीही त्याने काम केलं, आणि २०१६ मध्ये त्याला इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला.

इथवर गोष्ट गोड आहे. पुढचं कमी सांगितलं जातं. २००० नंतर ५०० ते ८०० पक्षी असल्याचे अंदाज छापून येऊ लागले. मग नव्या मोजण्यांत आकडा चारशेच्या घरात आला, आणि २०१४ मध्ये या जातीची गणना संकटातल्या जातींच्या जागतिक यादीत पुन्हा ‘धोक्यात’ या वर्गात झाली. उत्तरेकडच्या मोका डोंगररांगेतही पक्षी सोडले होते, ते टिकले नाहीत. आज नैर्ऋत्य आणि पूर्व अशा दोनच वस्त्या आहेत. २०२२ मध्ये मॉरिशसने केस्ट्रेलला राष्ट्रीय पक्षी म्हणून जाहीर केलं.

आणखी एक निष्पत्ती अनपेक्षित ठिकाणाहून आली. एकोणिसाव्या शतकात युरोपी संग्राहकांनी हे पक्षी गोळी घालून मारले, कातडीत कापूस भरला, पायाला चिठ्ठी बांधली आणि संग्रहालयांच्या खणांत ठेवून दिले. दीडशे वर्षांनी त्या वाळलेल्या नमुन्यांतून डीएनए काढला गेला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून दिसलं की पूर्वीच्या केस्ट्रेलांत चांगली जनुकीय विविधता होती, आणि आजच्या पक्ष्यांत तिच्यातली निम्म्याहून अधिक नाहीशी झाली आहे. आजची जवळपास सगळी प्रजा एकाच जोडीची. पक्षी मारून गोळा करण्याच्या त्या पद्धतीबद्दल मला प्रेम नाही, पण आपण नेमकं काय गमावलं याचं मोजमाप त्या खणांतूनच मिळालं, हे नाकारता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात मोठ्या पक्ष्यांपासून केली, ती चूक. निदान आज मागे वळून तसं म्हणता येतं. १९७३ मध्ये अंडी उबवायचं तंत्र बाल्यावस्थेत होतं, त्यामुळे तेव्हाच्या माणसांना फार बोल लावता येणार नाही. पण क्रम उलटा असता, म्हणजे आधी दोन-तीन हंगाम नुसते घरट्यांवर नजर, मग अंडी, आणि मोठे पक्षी शेवटचा उपाय म्हणून, तर कदाचित एकाच्या जागी दोन-तीन जोड्यांचा वंश हाती लागला असता. जनुकांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे, आणि तो आता कशानेही भरून निघणार नाही.

१९९४ मध्ये सोडणं थांबवलं, ते माझ्या मते बरोबर होतं. पक्षी स्वतः वाढत असताना भर घालत राहणं म्हणजे पैशाची उधळपट्टी. चुकलं ते मोजण्यात. पूर्वेच्या वस्तीत घरटं न् घरटं, पायात ओळखीची कडी घातलेला पक्षी न् पक्षी वर्षानुवर्षं टिपला गेला, आणि त्यातून विणीच्या सुरुवातीला पावसाचे दिवस वाढले की अंडी लांबतात, पिल्लं कमी होतात, असे बारकावे कळले. तीच चिकाटी तिन्ही डोंगरांत राहिली असती, तर मोकामधली घसरण कागदावर वेळेत दिसली असती आणि आठशेचा आकडा इतकी वर्षं फिरला नसता.

उंदीर देऊन पक्षी माणसाळवण्याबद्दल मात्र मी मत बदललं आहे. पूर्वी मला तो आततायीपणा वाटायचा. आता वाटतं, संख्या दोन आकडी होईपर्यंत ते अटळ होतं. फक्त ते कधी थांबवायचं याची रेघ पहिल्या दिवशी आखायला हवी.

हे सगळं आपल्याला लांबचं नाही. जोन्स मॉरिशसला उतरला त्याच साली, १९७९ मध्ये, सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. आपण दुसरा पर्याय निवडला: माळ राखायचा, पक्ष्याला हात लावायचा नाही. माळढोकाची रानातली अंडी उचलून उबवायला सुरुवात झाली ती २०१९ मध्ये, राजस्थानात जैसलमेरजवळ. तोवर नान्नजला पक्षी दिसणं हीच बातमी झाली होती. अर्थात मॉरिशसची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही. केस्ट्रेलच्या कपारीत दोन-तीन अंडी असतात, माळढोक बहुधा एकच घालतो, तेही उघड्या जमिनीवर. तिथे उचललेलं प्रत्येक अंडं म्हणजे त्या वेळचा अख्खा घाणा असतो, आणि मादी दुसरं घालते की नाही हे बघायला कुणीतरी त्याच माळावर, तिच्यापासून पुरेसं लांब, पुढचे दोन-तीन आठवडे बसून राहावं लागतं.